रोड बाईकचे टायर बदलताना : इंदूरच्या सायकलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचा रविवारचा ग्रुप पहाटे साडेपाचला निघतो. राऊच्या पुढे पोह्यांसाठी थांबलो की कुणीतरी आपल्या मागच्या चाकाकडे बोट दाखवून विचारतंच, "दादा, हा अजून किती चालेल?" असे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रोड बाईक म्हणजे वाकलेल्या हँडलची, पातळ टायरची सायकल. इथलं सगळं तिच्याबद्दल आहे, पण हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची आणि जरा जाड टायरची सायकल, चालवणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल.

टायर बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

सायकल उलटी करा आणि दिवसाच्या उजेडात चाक हळूहळू फिरवत टायर नीट बघा. नवा टायर वरून गोल असतो. घासत गेला की मधोमध सपाट पट्टा पडतो आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कड हाताला लागते. थोडा सपाटपणा चालतो. पण रबराखालचे धागे दिसू लागले, बाजूच्या भिंतीवर फुगवटा आला, किंवा एखादी चीर नखाने उघडल्यावर आतले धागे तुटलेले दिसले, तर त्या टायरवर पुढची राइड करू नका. फुगवटा आला म्हणजे तिथलं आतलं कापड फाटलंय आणि हवा फक्त रबराच्या भरवशावर थांबलीय.

काही कंपन्या खूण ठेवतात. कॉन्टिनेंटलच्या बऱ्याच रोड टायरवर मधोमध दोन बारीक खळगे असतात. ते दिसेनासे झाले की रबर संपलं.

एरवी महिन्याला एखादं पंक्चर होत होतं आणि अचानक आठवड्याला एक व्हायला लागलं, तर नशिबाला दोष देण्याआधी टायर बघा. रबर पातळ झालं की जो काटा पूर्वी वरच्या वर मोडायचा तो आता आत पोहोचतो.

टायर किती किलोमीटर टिकतो?

हलके, रेसिंगचे टायर मागच्या चाकावर साधारण ३ ते ५ हजार किलोमीटर, आणि जाड रबराचे सरावाचे टायर ६ ते ८ हजारांपर्यंत जातात. तुमचं वजन, हवा किती ठेवता आणि रस्ता कसा आहे यावर यात बराच फरक पडतो. सायकल फारशी न चालवताही टायर खराब होतो. गच्चीवर किंवा गॅलरीत मे महिन्याच्या उन्हात उभी राहिलेली सायकल बघा, टायरच्या बाजूला केसांसारख्या भेगा पडलेल्या असतात.

सायकलवर २८ इंची लिहिलंय. बाजारातून २८ इंचीच टायर आणला, पण रिमवर बसतच नाही. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, म्हणून सविस्तर सांगतो.

दूधवाल्यांच्या काळ्या, उभ्या हँडलच्या सायकलींचा टायर २८×१½ असतो. रोड बाईकच्या ७००सी टायरलाही काही जण २८ इंचीच म्हणतात. नाव एक, पण माप वेगळं. दूधवाल्याच्या रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास ६३५ मिलिमीटर आहे आणि आपल्या रोड बाईकचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक म्हणजे टायर रिमवर नुसता लोंबतो. जुन्या रेसिंग सायकलींवर २७ इंची टायर येतात, त्यांचा व्यास ६३०. तेही चालत नाहीत, फक्त आठ मिलिमीटरचाच फरक आहे असं वाटलं तरी. एका दुकानात मला "ओढून बसवून देतो" असं सांगितलं होतं. तसं कधीही करू देऊ नका. हवा भरल्यावर असा टायर रिमवरून उडतो.

म्हणून इंच विसरा आणि जुन्या टायरच्या बाजूला बारीक उठावाच्या अक्षरांतला आकडा शोधा. बहुतेक वेळा रबरावर रबराच्याच रंगात असतो, त्यामुळे मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून बघावा लागतो. २५-६२२ असं काहीतरी सापडेल. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडी मोकळीक आहे. ७००सी मधले ७०० हे जुन्या फ्रेंच पद्धतीतलं टायरचं बाहेरचं ढोबळ माप आहे. आजच्या २५च्या टायरवर ७०० मिलिमीटर कुठेच मोजून मिळणार नाहीत.

माझ्या सायकलवर २३ मिलिमीटर रुंदीचा टायर आहे. २८चा बसेल का?

रिमवर बहुधा बसेल. प्रश्न फ्रेमचा आणि ब्रेकचा आहे. पाच-सहा वर्षांत आलेल्या डिस्क ब्रेकच्या सायकलींत २८ सहज आणि बऱ्याचदा ३२ही बसतो. रिमला पकडणाऱ्या जुन्या ब्रेकच्या सायकलींत अनेकदा २५वरच गाडी अडते. माझ्या जुन्या सायकलला २८चा टायर पुढे छान बसला आणि मागे ब्रेकच्या कमानीखाली घासला. तेव्हापासून पुढे २८ आणि मागे २५ असंच चाललंय, आणि त्यात काहीच चूक नाही.

मोजायची सोपी रीत : ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की घ्या. बसवलेल्या, हवा भरलेल्या टायरच्या बाजूने आणि वरून ती फिरवा. पुढे चाक धरणाऱ्या फोर्कच्या आत, मागे पेडलच्या धुरीजवळ जिथे फ्रेम अरुंद होते तिथे, आणि ब्रेकच्या खाली. की कुठेही अडकली तर तो टायर तुमच्या फ्रेमला मोठा आहे. छापलेला आकडा आणि खरी रुंदी सारखी नसते हेही लक्षात ठेवा. रिम आतून रुंद असेल तर २५चा टायर २६-२७ भरतो.

आपल्या माळव्यात ही फट मी आणखी थोडी जास्त धरतो. पावसाळ्यात शेताजवळच्या रस्त्यावर काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांनी वर येते. ती टायरला चिकटते, वर गिट्टीची कच लागते आणि फ्रेमच्या आतल्या बाजूचा रंग खरवडून निघतो. सिमरोलकडून परतताना मी एकदा काडीने ती माती उकरत रस्त्याच्या कडेला वीस मिनिटं बसलो होतो.

रुंद टायर म्हणजे सायकल जड आणि हळू होणार ना?

आम्हीही बरीच वर्षं तेच मानत होतो. १९-२० मिलिमीटरचे टायर, त्यात दगडासारखी हवा, आणि ज्याचा टायर पातळ तो वेगवान.

टायर जमिनीला टेकतो तिथे तो सतत दबतो आणि सुटतो. ह्या दबण्यात ताकद वाया जाते. हवा तेवढीच ठेवली तर रुंद टायरचा जमिनीवरचा ठसा आखूड आणि रुंद होतो. टायर लांबीत कमी दबतो आणि चाक उलट हलकं फिरतं. दुसरी गोष्ट आपल्या रस्त्यांवर जास्त महत्त्वाची आहे. कडक टायर प्रत्येक खडबडीवर उडतो आणि तो धक्का तुमच्या मनगटात, खांद्यात, कमरेत जातो. ती ताकदही तुमच्याच पायातून गेलेली असते. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर लावला तो ह्या धक्क्यांसाठीच. टायरचं ते मूळ काम आपण वेगाच्या नादात विसरलो होतो.

सुपर कॉरिडॉरच्या गुळगुळीत रस्त्यावर २५ आणि २८मध्ये तुम्हाला फरक जाणवणार नाही. महूच्या पुढे गावांतून जाणाऱ्या रस्त्यावर पन्नासाव्या किलोमीटरला जाणवेल.

इंदूरमध्ये आणि आसपास चालवायला नेमका कुठला टायर घ्यावा?

तुम्ही कुठे चालवता त्यावर सगळं आहे. पंक्चर कशाने होतं ते बघितलं की निवड सोपी होते.

शहरात रस्ते रात्री झाडले जातात. २०१७ पासून स्वच्छतेत आपला पहिला नंबर लागतोय, त्याचा सायकलवाल्याला झालेला फायदा म्हणजे काचा खूप कमी झाल्यात. पलासिया, विजयनगर, राजवाडा, इथे माझी पंक्चरं बोटांवर मोजण्याइतकी. बायपासला आणि आग्रा-मुंबई रस्त्याला लागलं की चित्र बदलतं. ट्रकचे फुटलेले टायर कडेला पडलेले असतात आणि त्यांच्यातल्या केसाएवढ्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर विखुरतात. तार टायरमध्ये शिरली की बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलली तरी दहा किलोमीटरवर पुन्हा हवा जाते, कारण तार आतच असते. टायरच्या आत बोटांऐवजी कापसाचा बोळा फिरवा, तो जिथे अडकेल तिथे तार आहे. ती काढायला आम्ही भुवया कोरायचा छोटा चिमटा सीटखालच्या पिशवीत ठेवतो.

तिसरा शत्रू म्हणजे सराटे, ज्याला इथले पंक्चरवाले गोखरू म्हणतात. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरलेली ही वेल वाळते. तिच्या फळाचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा असा पडतो की एखादा काटा वरच येतो. ट्रकला वाट द्यायला तुम्ही डांबरावरून खाली उतरता आणि दोन मिनिटांत दोन्ही चाकं बसतात. मागच्या कार्तिकात पाताळपाणीच्या वाटेवर एका नवीन मुलीच्या पुढच्या टायरमधून आम्ही सात सराटे उपटले. टायर नवा होता, महागडा होता, आणि फक्त शर्यतीसाठी बनवलेला होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : फ्रेममध्ये बसेल तेवढा रुंद टायर घ्या, शक्यतो २८, आणि त्यात रबराखाली काट्याला अडवणारा पट्टा असू द्या. कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन ह्या कामासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीही मजबूत आहेत, पण ओल्या रस्त्यावर पकड थोडी कमी वाटते, तेव्हा वळणावर सांभाळा. त्याच कंपनीचा ग्रँड प्रिक्स ५००० हलका आणि पळायला सुंदर आहे, पण बाजू नाजूक. शर्यत किंवा सुपर कॉरिडॉरवरचा सकाळचा सराव एवढंच करत असाल तर जरूर घ्या. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटरचा रबरी थर आहे आणि सराट्यांचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. मात्र तो खरोखर जड आहे. रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्याला मी तो सुचवतो, जानापाव चढणाऱ्याला नाही. बजेट कमी असेल तर व्हिट्टोरियाचा झाफिरो सरावाला चांगला आहे.

बाभळीचा लांब काटा मात्र कुठलाही टायर अडवत नाही. कुंपणाला छाटलेल्या फांद्या टाकलेल्या दिसल्या की उतरून सायकल उचलून घ्या.

पावसाळ्यासाठी नक्षीचा टायर घ्यावा का?

नाही. मोटारीचा टायर रुंद आणि सपाट असतो, त्याच्याखाली पाणी अडकतं, म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि कडक असतो, तो पाणी कापत जातो. आपण गाठतो त्या वेगाला तो पाण्यावर तरंगत नाही. डांबरावर पकड रबराच्या प्रतीवर असते, नक्षीवर नाही. ओल्यात हवा पाचेक पीएसआयने (पीएसआय म्हणजे पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) कमी करा. पहिल्या पावसात डिझेलचे तवंग आणि पांढरे पट्टे टाळा. घरी आल्यावर टायर पुसून बघा, कारण ओल्या रबरात गिट्टीची कच फार सहज रुतते.

फोल्डिंग टायर आणि तारेचा टायर यात काय घेऊ?

तारेच्या टायरच्या कडेत पोलादी तार असते, फोल्डिंगच्या कडेत मजबूत धागा असतो. फोल्डिंग हलका असतो, घडी करून लांबच्या राइडला बरोबर नेता येतो आणि महाग असतो. त्याने पंक्चर कमी होत नाहीत. पैसे मोजके असतील तर चांगल्या रबराचा तारेचा टायर घ्या.

टीपीआय जास्त म्हणजे टायर चांगला का?

एका इंचात किती धागे आहेत याचा तो आकडा. जास्त धागे म्हणजे बारीक धागे, मऊ आणि चटकन वाकणारं कापड. काही कंपन्या तीन थरांचे धागे एकत्र मोजून ३३० लिहितात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

ट्यूबलेस करून टाकू का?

रिम आणि टायर दोन्हींवर तसं लिहिलेलं असेल तरच. सराट्यांसाठी ट्यूबलेससारखं दुसरं काही नाही हे खरं आहे. बारीक छिद्र आत भरलेलं सीलंट, म्हणजे चिकट द्रव, आपोआप बुजवतं, तुम्हाला कळतही नाही. पण इंदूरच्या उन्हाळ्यात ते सीलंट लवकर सुकतं. दर दोन-अडीच महिन्यांनी प्रत्येक चाकात ३०-४० मिलिलिटर भरायची सवय लावणार असाल तर करा. सायकल महिनोन्महिने उभी राहत असेल तर ट्यूबच बरी. आणि ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब पिशवीत हवीच.

माझ्या रिमला टायर अडकवणारी आतली वळलेली कड नाही, हुकलेस आहे म्हणतात. त्याला कुठलाही टायर चालेल?

अजिबात नाही. हुकलेस रिमला ट्यूबलेससाठीच बनवलेला आणि हुकलेसला चालतो असं कंपनीने सांगितलेला टायर लागतो. हवा ५ बारच्या, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर कधीही नाही. रिम बनवणारी कंपनी कोणते टायर चालतात याची यादी देते, ती बघूनच घ्या.

हवा किती ठेवू?

टायरवर छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा आहे, तेवढी भरायची असते असं नाही. ७० किलोच्या माणसाने २५च्या टायरला पुढे ८० आणि मागे ८५ पीएसआयपासून सुरुवात करावी, २८ला पुढे ६५ आणि मागे ७०. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. ट्यूबवर सापाच्या दातांसारखी दोन छिद्रं शेजारी शेजारी पडली तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमने चेमटली असं समजा.

उन्हाचं गणित असं : घरात २७ अंशांना ८० भरलेला टायर उन्हात ५४ अंशांपर्यंत तापला तर आतली हवा ८-९ पीएसआयने वाढते. टायर तेवढं सोसतो. फक्त मे महिन्यात वरच्या मर्यादेपर्यंत भरून सायकल उन्हात उभी करू नका.

एकच टायर घ्यायचाय. नवा पुढे लावू की मागे?

पुढे. यावर मी कुणाचं ऐकत नाही, आणि त्याला कारण आहे.

मागचा टायर लवकर झिजतो, कारण जास्त वजन आणि पायांचा सगळा जोर त्याच्यावर असतो. मग वाटतं, मागे नवा टाकू आणि घासलेला पुढे ढकलू, पैसे वाचतील. मी ते केलं होतं. खंडवा रस्त्यावर भेरूघाट उतरताना वळणावर पुढचा टायर फुटला. आधी आवाज, मग हँडल हातात असूनही सायकल माझी राहिली नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं. मागून ट्रक येत नव्हता म्हणून आज हे लिहितोय. मागचा टायर बसला तर सायकल डुलते, पण बहुधा थांबवता येते. पुढचा गेला की वळणच हातातून जातं.

म्हणून पुढचा, बऱ्या अवस्थेतला टायर मागे लावा आणि नवा पुढे. मागचा झिजलेला टायर काढून टाका.

नवीन टायर रिमवर चढतच नाही. अंगठे दुखले.

व्हॉल्व्हपासून नव्हे, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हजवळ संपवा. आधी ट्यूबमध्ये फुंकरीएवढी हवा भरा म्हणजे ती पिळवटणार नाही. रिमच्या मधोमध एक खोल खाच असते. दोन्ही हातांनी टायर सगळीकडून चिमटीत दाबत त्याची कड त्या खाचेत ढकलत या. तेवढ्याने जी ढील मिळते त्यात शेवटचा भाग तळहाताने वर लोटता येतो. लोखंडी पाना लावू नका, ट्यूब चिरते. प्लॅस्टिकचा लिव्हर शेवटचा उपाय.

टायरवर बाण असेल तर तो पुढे जायच्या दिशेने ठेवा. टायरवरचं नाव व्हॉल्व्हपाशी आणा. पंक्चर झालं की ट्यूबमधलं छिद्र टायरवर कुठे येतं ते लगेच सापडतं.

टायरबरोबर ट्यूबही बदलावी का?

ट्यूब चांगली असेल आणि नव्या रुंदीला चालत असेल तर गरज नाही. तीन-चार ठिगळं असलेली ट्यूब मी ठेवतो, व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर दिसली तर टाकतो. नवी घेताना व्हॉल्व्ह बघून घ्या. रोड बाईकच्या बहुतेक रिमांचं भोक बारीक असतं, त्यात प्रेस्टा लागतो, मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह जात नाही. उंच रिमला व्हॉल्व्हही लांब लागतो.

जुन्या टायरचं काय करू?

बाजूची भिंत चांगली आहे अशा जागेवरून बोटभर लांब तुकडा कापा, कडेची तार किंवा दोरी काढून टाका आणि सीटखालच्या पिशवीत ठेवा. टायर चिरला तर हा तुकडा आतून ट्यूब आणि टायरच्या मध्ये घालायचा. पंक्चरवाले ह्याला गेटर म्हणतात. गेल्या पावसाळ्यात चोरलजवळ एक पोरगा फाटलेला टायर घेऊन पायी चालला होता. असाच एक तुकडा आत घातला, हवा पन्नासच भरली, आणि तो हळूहळू चालवत इंदूरला घरी पोहोचला.